न लवणारं पातं

दिपालीने धावायचं ब्लेड पायातून काढलं, पण आतला मोजा तिच्या तुटक्या पायाला चिकटूनच राहिला. सुनिता मॅडमनी बाटलीतलं पाणी ओतून तो हळूहळू सोडवला. मैदानावर पुढच्या शर्यतीची शिट्टी झाली. तानाजी लेकीची चप्पल हातात धरून शेजारी उभा होता. एकच चप्पल, डाव्या पायाची.

राज्याच्या निवडीत पोर शेवटून पहिली आली होती.

"कधीपासून आहे हे?" मॅडमनी विचारलं.

"व्हईल बरं," दिपाली म्हणाली.

लहानपणी उसाच्या ट्रॉलीखाली तिचा पाय गेला. यंदा मॅडमच्या संस्थेने पुण्याहून धावायचं हे काळं, वाकडं पातं पाठवलं, तेव्हा सारं चकलांबा गाव बघायला लोटलं होतं. तानाजीने ते जमिनीला टेकवून दोन्ही हातांनी दाबून पाहिलं. तसूभर लवलं नाही. ऊस तोडणाऱ्याला पात्याची पारख असते, लवलं ते पातं वाया गेलं. माल अस्सल आहे, असं त्याने गावभर सांगितलं.

आता मॅडमनी तेच पातं दाबून पाहिलं आणि मान हलवली.

"हे लवायला पाहिजे. टेकलं की दबायचं आणि सुटताना पोरीला पुढे ढकलायचं. हे दबतच नाही, म्हणून प्रत्येक पावलाचा दणका सरळ हाडावर बसलाय. साठ किलोच्या माणसाचं आहे हे. हिचं वजन आम्हाला कुणी कळवलं होतं?"



कळवलं तानाजीनेच होतं, फोनवर, उसाच्या फडातून. जवळच्या भुसार दुकानात पोती तोलायच्या काट्यावर त्याने पोरीला उभी केली. काटा पंचेचाळीसवर थांबला. पण तानाजीची उभी हयात काट्यापुढे गेली होती. गाडी कारखान्याच्या काट्यावर चढली की ऊस कमीच भरायचा. काटा मारतो, वजन चोरतो, हे फडातलं शेंबडं पोरही जाणतं. माझ्या लेकीतलंही मारता काय, असं म्हणत त्याने काट्याने चोरलं असेल तेवढं वर धरलं आणि साठ सांगितलं. आयुष्यात एकदा तरी आपण काट्याला फसलो नाही, याचा त्याला केवढा आनंद झाला होता!

"मीच कळवलं, मॅडम," दिपाली म्हणाली. "तवा लई जाड होते मी. मग उतरले."

तानाजी खाली बघत राहिला. बोलायला हवं होतं, बाप होता तो. त्याला स्वतःची किळस आली.

"एवढी उतरलीस? आणि दुखत होतं तर सांगितलं का नाहीस?"

"नवा कोयता बी हाताला फोड आणतोच की."

मॅडमनी जखमेवर पट्टी बांधली.

"हाड दिसतंय. आधी दवाखान्यात जा. पळायचं नाव काढू नकोस आता. हे चिघळलं तर गुडघाही ठेवता येणार नाही."

ब्लेड कापडी पिशवीत गुंडाळून त्यांनी स्वतःकडे ठेवलं. दिपाली त्या पिशवीकडे बघत होती. रडली मात्र नाही.

रिक्षा फाटकाबाहेर उभ्या होत्या. तानाजी वाकला, दिपालीने त्याच्या गळ्यात हात टाकले आणि तो पोरीला पाठीवर घेऊन निघाला. उसाची मोळी उचलली की तिचं वजन तो न तोलता सांगायचा. फडात त्यावर पैजा लागत, आणि तो कधी हरत नसे.

"जड लागते का, आण्णा?"

"न्हाई."

फाटकाशी येईपर्यंत त्याच्या पाठीने वजन सांगून टाकलं होतं. पंचेचाळीस. पोर काडीइतकीही उतरली नव्हती, आणि भुसार दुकानातल्या काट्याने त्या दिवशी काहीही मारलं नव्हतं.