बासष्टांपैकी नऊ

“नऊ?” साहेबांनी कागद टेबलावर आपटला. “तीन मजल्यांच्या ऑफिसात नऊ मशीन? काका, बावीस वर्षं इथे काय माशा मारत होतात?”

वायरकाकांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. पाणीपुरवठ्याच्या त्या कार्यालयात संगणक-प्रिंटर धरून बासष्ट यंत्रं होती आणि प्रत्येकाची वायर त्यांनी स्वतःच्या हाताने ओढलेली होती. कुठल्या मशीनला सर्दी झाली तर काका जिन्यावरूनच शिंक ओळखतात, असं शिपाई सांगत. आणि शिपाई खोटं बोलत ते फक्त रजेच्या अर्जात.

“टूलने दाखवलं ते छापलं,” काका म्हणाले.

“मग टूल दुरुस्त करा.”

“टूल धडधाकट आहे. फक्त आंधळं झालंय. सोमवारी तुम्ही माझ्याकडून रूटचा पासवर्ड काढून घेतलात ना, तेव्हापासून.”

साहेबांना येऊन महिना झाला होता. आल्या दिवशीच त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या होत्या: सगळी यंत्रं यापुढे टूल, म्हणजे मोजणीचा प्रोग्राम, मोजेल, आणि काका गुदामात जुने मीटर मोजतील. उद्याच्या बैठकीत यंत्रांची यादी मांडायची, की झालं.

“माझा संगणक लिनक्सवर चालतो, आणि लिनक्सवर रूट म्हणजे घरमालक,” काका शांतपणे म्हणाले. त्यांचा शांतपणा साहेबांना शिवीसारखा लागे. “मालकाच्या हुकुमाने निघालं तर टूल एकेका मशीनला नेमकी हाक मारतं. एकाच जाळ्यातल्या मशीनला ओ द्यावीच लागते. साध्या नोकराच्या नावाने निघालं तर बिचारं दोन खिडक्या ठोठावतं. कुणी काही बोललं नाही की ‘घरी कुणी नाही’ लिहून पुढे जातं. पासवर्ड तुम्ही टाका. मी पाठ करून उभा राहतो.”

“बहाणे पुरे. जे उत्तर देत नाही ते मेलेलं. पाचच्या आत मेलेल्यांच्या वायरी उपटा.”

“लेखी द्या.”

साहेबांनी लेखी दिलं. सही अशी दाबून केली की म्हणे खालच्या चार कागदांवरही उमटली.

तळमजल्यावर आवक-जावकच्या बाईंनी हुकुमाची नोंद केली आणि चष्मा कपाळावर चढवला. “माझं मशीन यादीत कुठाय?”

“नाही. तुम्ही वारलात, बाई.”

“अगंबाई. पेन्शनच्या आधीच? मग जिवंत आहे तरी कोण?”

“सात प्रिंटर, हजेरीचं यंत्र आणि गच्चीवरचा कॅमेरा.”

“म्हणजे कामाची माणसं तेवढी राहिली,” बाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणला. “काका, अगदी गप्प बसा. उद्या सगळ्यांसमोर वाचू दे त्याला नऊ. त्याचं हसं होईल, तुमचं गुदाम टळेल.”

खिशातला पेचकस चाचपत काका तिथल्याच वायरींच्या कपाटाशी गेले. आत बासष्ट वायरी वेणीसारख्या बसवलेल्या, प्रत्येकीवर त्यांच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी. कुठून सुरुवात करावी हे हुकुमात नव्हतं. काकांनी मानाने सुरुवात केली. सर्वांत वरची वायर उपटली.

वरच्या मजल्यावर साहेब त्या वेळी पडद्यावर वरिष्ठांशी बोलत होते. वाक्य अर्ध्यात तुटलं. पुढच्या क्षणी ते तळमजल्यावर होते. मधल्या चाळीस पायऱ्यांपैकी एकीलाही त्यांचा पाय लागला नाही, हे बाई अजून शपथेवर सांगतात.

“माझी वायर कुणी काढली?”

“मी.”

“मी वरिष्ठांशी बोलत होतो!”

“यादीत तुम्ही नाहीत, साहेब. मेलेल्यांत आहात.” काकांनी हुकूम पुढे धरला. “सही तुमचीच.”

बाईंना एकाएकी खोकला आला. खोकला तिन्ही मजले फिरला.

साहेब कपाटाशेजारच्या काकांच्या खुर्चीत बसले. दप्तर पोटाशी धरावं तसं कीबोर्डवर वाकून त्यांनी पासवर्ड टाकला. काकांनी कबूल केल्याप्रमाणे पाठ केली होती. पडद्यावर ओळी सरसर उतरल्या. एकसष्ट. उरलेलं एक मशीन साहेबांचंच होतं, वायर अजून काकांच्या हातात होती.

“म्हणजे आता चालतंय,” साहेब म्हणाले. चूक झाली म्हणाले नाहीत. “असंच चालवायचं ना दर वेळी? मग मीही चालवीन.” त्यांनी कोटाच्या आतून बदलीच्या हुकुमाचं पाकीट काढलं. “उद्यापासून गुदाम. कपाटाची किल्ली ठेवून जा.”

ते जिन्याने वर गेले. या वेळी प्रत्येक पायरीवर पाय वाजवत.

“सांगितलं होतं, तोंड मिटून बसा म्हणून,” बाई म्हणाल्या. त्यांचा खोकला थांबला होता.

“नऊची यादी माझ्या नावाने गेली असती, बाई. लोकांनी म्हटलं असतं, याला मोजता येत नव्हतं.”

काकांनी कपाट पुन्हा उघडलं आणि साहेबांची वायर जागेवर बसवली. मागे सरून ते उभे राहिले, हिरवा दिवा लुकलुकेपर्यंत, बावीस वर्षं राहायचे तसे. ओढाताणीत वायरीवरची चिठ्ठी एका कोपऱ्याला सुटली होती. त्यांनी ती अंगठ्याने दाबून धरली, चिकटेपर्यंत. मग किल्ली खिळ्याला लावली.