साठ कोऱ्या फॉर्मवरची सही

पुलाखाली शिरायचं, हातोडीने खांब ठोकायचा आणि आवाज ऐकायचा, ही तिची नोकरी. भरीव काँक्रीट खणखणतं, आतून सुटलेलं बद्द वाजतं. तिचा कान इतका तयार की नवरा म्हणायचा, कलिंगड घ्यायला हिलाच पाठवावं.

पूल तपासणीला वेग द्या, असा वरून हुकूम आला. तीन महिन्यांत साठ पूल. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं काय जातं! ऑफिसात तिचा साहेब म्हणजे तिचा थोरला भाऊच. त्याने युक्ती काढली. तिने पुलावरून फोनवर सांगायचं, त्याने फॉर्म भरायचा. ऑफिसची खेप वाचावी म्हणून तिने साठही कोऱ्या फॉर्मवर आधीच सह्या करून ठेवायच्या. परका असता तर तिने दहादा विचार केला असता. दादाला तिने डोळे झाकून करून दिल्या.

नदीवरच्या जुन्या पुलाचा तिसरा खांब जिथे ठोकावा तिथे बद्द वाजला. तिने तिथूनच फोन केला, "दादा, आजच वाहतूक बंद कर." तो बरं म्हणाला.

चार दिवसांनी ती त्याच रस्त्याने परतत होती, तर पुलावर मुलांनी भरलेली शाळेची बस. तडक ऑफिस गाठून तिने फाइल काढली. ‘सर्व खांब सुस्थितीत’, आणि खाली तिची सही.

भाऊ ओशाळलासुद्धा नाही. पूल बंद केला की चौकशी लागते, साठचा आकडा हुकतो. दुरुस्तीचं पुढच्या वर्षी बघू, म्हणाला. मग समजूत घातल्यासारखा म्हणाला, "दुसऱ्या कोणाची सही असती तर वर शंका घेतली असती, छोटे. तुझ्या सहीला कोणी विचारत नाही."

केसाने गळा कापायचा आणि वर कौतुक करायचं. सायकल शिकवताना मैलभर सीट धरून धावलेला दादा तो हाच. तिला रडू आलं, आणि त्या रडण्याचाच जास्त राग आला.

तिने ऑफिसची जीप काढली, पुलाच्या तोंडाशी आडवी लावली आणि पोलिसांना बोलावलं. दोन्हीकडून भोंगे कोकलू लागले. भाऊही धापा टाकत मागोमाग पोहोचला.

हवालदाराने वही उघडली. हा पूल चांगला आहे असं कोणी लिहून दिलं, त्याने विचारलं.

"सही हिची आहे," भाऊ म्हणाला. तिच्याकडे न बघता.



"माझीच आहे," ती हवालदाराला म्हणाली. "आधी पूल बंद करा, मग लिहून घ्या."