सवचं गरम पाणी

"बूड गो अजून. खांद्यापर्यंत," म्हणत रखमाआत्यानं भाचीला कुंडात आणखी एक पायरी खाली बसवलं.

सव गावच्या झऱ्याचं पाणी त्या सकाळी चांगलंच गरम होतं. वर गारठा, खाली ऊब, मध्ये वाफ आणि गंधकाचा वास. आत्याचा जीव सुखावला. भात झोडून झालं की तिचा भाऊ पांडू सगळ्या घराला पोलादपूरहून इथं आणायचा. श्रुतिका तेव्हा चार वर्षांची. पाण्यातून निघायचं नाव घ्यायची नाही, शेवटी पांडू तिला रडती-ओरडती उचलून न्यायचा. काय दिवस होते ते! पांडू गेला, पोरगी महाडला शाळेत शिकवायला लागली आणि हे दुखणं मागे लागलं.

एमएस म्हणे. नसांचं दुखणं. आधी पायांना मुंग्या आल्या, त्या गेल्या. आता डोळे दगा देत होते, तेही लहरीप्रमाणे. सकाळी फळा स्वच्छ, दुपारी धूसर. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. मुंबईच्या नसांच्या डॉक्टर म्हणाल्या, दुखण्याचा नवा झटका असेल तर जबर औषध सुरू करावं लागेल, जुनंच असेल तर उगीच नको. नक्की सांगता येत नाही. हे 'नक्की सांगता येत नाही' ऐकून आत्याचे कान किटले होते. एवढ्या शिकलेल्यांचं हे असं, तर मग आपलं पाणी काय वाईट?

"बरं वाटतंय ना?" तिनं विचारलं.

पाण्यातून हात वर काढून श्रुतिकेनं तो डोळ्यांसमोर धरला, उलटासुलटा फिरवला.

"आत्या, कुठेयस तू?"

"ही काय, म्होरं!"

"दिसत नाहीस. सगळं पांढरं झालंय."

वाफ असेल, असं आत्या म्हणणार होती. पण पोरगी तिच्या कानाशेजारी बघत बोलत होती. आत्यानं तिला दंडाला धरून बाहेर काढलं, वाऱ्यावर बसवलं, बाटलीतलं गार पाणी डोक्यावर ओतलं. पदरानं वारा घालताना ती स्वतःलाच शिव्या देत राहिली. आपणच हट्ट केला, आपणच पोरीला आंधळी केली. पांडूला वर जाऊन काय तोंड दाखवायचं?

बऱ्याच वेळानं श्रुतिका म्हणाली, "तुझं कुंकू दिसतंय."

"आनि?"

"धुक्यात अगदी तरणी दिसतेस गं. एक सुरकुती नाही. बाबा होते तेव्हाची."

"हितं माझा जीव चाललाय नि तुला मस्करी सुचते!" आत्या रडायलाच लागली.

सुरकुत्या एकेक करून परत आल्यावर श्रुतिकेनं मुंबईला फोन लावला आणि आत्यालाही ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज मोठा केला. सगळं ऐकून डॉक्टर कडाडल्याच.

"गरम पाण्यात? कुणी सांगितलं होतं?"

"मीच गेले," श्रुतिका म्हणाली.

"खोटं बोलते ती! म्या नेली," आत्या फोनवर वाकून ओरडली. "काय बोलायचं ते मला बोला."

मग डॉक्टरांचा आवाज खाली आला. बाहेर आल्यावर दिसायला लागलं ना? पहिल्यासारखं? मग बहुधा नवा झटका नाही. जुनी दुखावलेली नस, तिला ऊब सोसत नाही. दुपारचं धूसर होतं तेही त्यातलंच असावं. अजून नक्की नाही, तपासणी करूच. पण जबर औषधाची घाई आता नको.

"मात्र गरम पाणी बंद. कायमचं."

फोन ठेवून श्रुतिका हसली. असं हसताना आत्यानं तिला किती महिन्यांनी पाहिलं होतं. तीही हसली, नाक पुसलं, मग कुंडाकडे बघत राहिली.

"कायमचं म्हंजे... पुढल्या सालीबी नाय?"

"नाही गं. तू येत जा की."

"एकटी?" आत्यानं ओलं लुगडं पिळलं, झटकलं. "फोन लाव त्या बाईला परत. इचार, सावित्रीचं गार पानी चालंल का. तिथं बसू दोघी."

"आत्या, या गारठ्यात नदीत? आखडशील तू."

"आखडंन. तू फोन लाव."