आईच्या भाषेतले त्रेचाळीस शब्द

बाइंडरला आपल्या आईच्या भाषेतले त्रेचाळीस शब्द येत होते. ते त्यानं एका वहीत लिहून ठेवले होते आणि ती वही स्वतःच्या हातानं बांधली होती. शिलाई पक्की, पाठीला कापड, कोपऱ्यांना कातडं. गिऱ्हाइकांची पुस्तकं एवढ्या मायेनं बांधली असती तर धंदा जरा बरा चालला असता.

आई परक्या लोकांतली. बापानं तिला लग्न करून घरी आणलं तेव्हा घरच्यांनी महिनाभर तोंडं पाडली, मग सवय झाली. मुलगा झाला तो थेट आईच्या वळणाचा, डोळे तिचे, रंग तिचा. आजोबांनी त्याला पाळण्यात बघितलं आणि म्हणाले, "या पाहुणे!" गंमतच केली बिचाऱ्यांनी. पण ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. आता पन्नाशी उलटून गेली, आईबाप गेले, लग्नाचं वय तर कधीच निघून गेलं, तरी चुलतभाऊ त्याला 'पाहुण्या' म्हणूनच हाक मारायचे. खऱ्या पाहुण्याला निदान बस तरी म्हणतात. याला तेवढंही कुणी म्हणत नसे.

गेल्या वर्षी थोरल्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न निघालं. पत्रिकेत घरातली सतरा नावं छापली, तीन महिन्यांच्या बाळाचंसुद्धा. याचं नव्हतं.

"अरे, राहूनच गेलं बघ, पाहुण्या," चुलतभाऊ म्हणाला, आणि पत्रिकांचा गठ्ठा कडा कापायला त्याच्याच कटिंग मशीनवर ठेवून गेला.

बाइंडरनं सगळ्या पत्रिका सरळ कापल्या. एकही वाकडी गेली नाही. मग हात पुसले आणि ठरवलं, आता आईच्या लोकांकडे जायचं.

त्यांचं मंडळ त्याच्या दुकानापासून चार गल्ल्या सोडून होतं. मंडळाची सभासदांची यादी होती, आणि यादीत नाव आलं की माणूस त्यांचा झाला. आई त्यांच्यातली असेल तरी चालत असे. मात्र तिघांसमोर पाच मिनिटं त्यांच्या भाषेत बोलायचं, आणि तिघांपैकी एकानं म्हणायचं, हा आमचाच. बाइंडरला ना मान हवा होता ना हक्क. आपण मेल्यावर चार जणांनी 'आमचा माणूस गेला' म्हणावं, एवढीच त्याची हाव होती.

आईनं त्याला भाषा मुद्दाम शिकवली नव्हती. पण लहानपणी ती त्याच्याशी काहीबाही बोलायची, त्या घरात कुणी बोलत नसे असं. घरचे हसायचे, "हिचं तिकडचं सुरू झालं" म्हणायचे आणि उठून जायचे. तेच शब्द त्यानं आठवून आठवून वहीत उतरवले होते. अर्थ प्रसंगावरून लावला होता. सकाळी उठल्याबरोबर ती म्हणायची 'तुंदू', म्हणजे तुंदू ही सकाळ. दिवे गेले की जवळ घेऊन म्हणायची 'गाब्रूकू', तो अंधार. उंबऱ्यात म्हणायची 'प्यापू', म्हणजे घर. डब्यातला लाडू मागितला की 'अत्कू', तो खाऊ. आणि थोपटताना 'नुझुबा', ती झोप. पुठ्ठ्याला खळ लावता लावता तो हे शब्द रोज मोठ्यानं म्हणायचा. त्यांतूनच त्यानं एक छोटं भाषण रचलं. अंधार सरेल, सकाळ होईल, मी माझ्या घरी येईन, अशा आशयाचं.

मंडळाची खोली पहिल्या मजल्यावर होती. लांब टेबल, लोखंडी कपाट, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. टेबलामागे चिटणीस, एक निवृत्त मास्तर आणि ऐंशीच्या घरातली एक बाई. तिला सगळे मावशीच म्हणत.

चिटणिसानं त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. बाइंडरला ओ की ठो कळलं नाही. घाबरल्यामुळे असं होतंय, असं त्यानं स्वतःला समजावलं, उभा राहिला आणि भाषण सुरू केलं.

"गाब्रूकू, गाब्रूकू. तुंदू! प्यापू, प्यापू, अत्कू…"

मास्तरांनी चष्मा काढला. चिटणिसानं कागदावर पेन आपटलं. "अहो, हे काय चाललंय? ही आमची भाषा नाही."

"आई बोलायची," बाइंडर म्हणाला. "रोज बोलायची."

"थांबा जरा," मावशी म्हणाली. ती पुढे वाकली होती. "परत म्हण रे. पहिला शब्द."

"गाब्रूकू. अंधार."

"अंधार नाही बाबा. घाबरू नको. घा-ब-रू-न-को. दुसरा?"

"तुंदू," तो म्हणाला.

"तोंड धू. प्यापू म्हणजे पाय पूस. अत्कू… आता नको." मावशी ते अगदी आईच्या सुरात म्हणाली. "मी इकडे नवी आले तेव्हा अशीच बोलायचे. तुमचे शब्द आमच्या तोंडात बसत नाहीत. तुझी आई तुझ्याशी तुमच्याच भाषेत बोलत होती रे. तिला जमेल तशी."

मास्तर हसले. वाईट मनानं नाही, पण हसले. "म्हणजे हे साहेब आम्हाला पाच मिनिटं पाय पुसायला सांगत होते!"

बाइंडरनंही हसून बघितलं. जमलं नाही. वही समोर उघडी होती, आणि एकेक शब्द आता आपला आपण उलगडत होता. नुझुबा. नीज बाळा. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस शब्द त्याच्याच घरचे निघाले. ज्या घरानं त्याला पाहुणा ठरवलं, त्याच घराची भाषा तो मोडकीतोडकी करून कातड्याच्या कोपऱ्यांत जपत आला होता.

"माफ करा," चिटणीस म्हणाला. "नियम म्हणजे नियम. उद्या कुणीही येऊन काहीही बोलेल." त्यानं बाइंडरचा अर्ज घडी करायला घेतला.

मावशीनं चिटणिसाचा हात धरला आणि ती बाइंडरकडे वळली. "एक मिनिट. हे बघ बाबा, मला तुझा चेहरा दिसतोय, मला कुणी सांगायला नको. पण या दोघांसाठी काहीतरी हवं. एक शब्द दे. एकच. मी म्हणेन, हा आमचाच. माणूस कितीही गिळून राहिला तरी तापात, दुखण्यात, शेवटच्या वेळी आपली भाषा तोंडातून निघतेच. आठव."

बाइंडरला आठवावं लागलंच नाही. ते कायम त्याच्यापुढेच असायचं.

"शेवटच्या दिवशी बोलली," तो म्हणाला. "दुपारी. मी एकटाच होतो जवळ. माझा हात धरला आणि बोलायला लागली. बराच वेळ बोलली. अडखळली नाही कुठे. तिला इतकं सलग बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं."

"काय म्हणाली?"

"मला वाटलं, वातात बडबडतेय."

"अरे पण शब्द? एखादा तरी कानावर राहिला असेल?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. चिटणीसही आता हातातली घडी तशीच धरून ऐकत होता.

"मी ऐकलंच नाही, मावशी. मी म्हणालो, आई, नीट बोल." त्यानं वही मिटली. "घरात सगळे तिला असंच म्हणायचे. मीही म्हणायचो."

मावशीनं डोळे मिटले. "मग?"

"मग ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. आणि मग नीट बोलली."

"काय बोलली?"

"पाणी दे, म्हणाली. अगदी स्वच्छ. आपण म्हणतो तसं."