नसलेली सवत

पुरुषाची अब्रू कशात अडकेल, याचा काही नेम नाही. पनवेलच्या दाऊदचंच बघा. उमेदीची सगळी वर्षं मस्कतला एसी दुरुस्त करण्यात घालवून माणूस कायमचा घरी आला, तो साखरेचा आजार घेऊन. बायको जमिला वाट बघून बघून थकलेली. आणि हा भिंतीकडे तोंड करून झोपायचा. शरीर साथ देईना, आणि ते सांगायला जीभ उचलेना.

शेवटी जमिलानंच विचारलं, "तिकडे कुणी आहे का तुमची?"

नाही म्हणून मोकळं व्हायचं ना! पण हा म्हणाला, "आहे. निकाह केलाय." दोन बायकांचा नवरा म्हणवून घेणं चालेल, नामर्द म्हणवून घेणं नको. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

जमिलानं भांडण केलं नाही. केसांना मेंदी लावायला लागली, आरशासमोर उभी राहून गाल चाचपायची. दाऊद बघत होता.

मग तो चोरून नवीन पनवेलला शॉकवेव्हच्या उपचाराला जाऊ लागला. डॉक्टर जेल लावून यंत्राचं टोक नाजूक जागी टेकवायचे आणि ते टकटक करत लहरी सोडायचं, रक्तपुरवठा सुधारावा म्हणून. "सगळ्यांनाच गुण येतो असं नाही," डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, "आणि पुढच्या वेळी बायकोला घेऊन या." दाऊदनं मान हलवली आणि एकटाच जात राहिला.

पण गुण आला. एका सकाळी त्याला ते कळलं आणि अंथरुणातच डोळे भरून आले. जमिला तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. तो तिच्याजवळ जाऊन बसला आणि सगळं सांगून टाकलं. मस्कतला कुणी नव्हतं, कधीच नव्हतं. त्याला वाटलं, ही आता हसेल.

जमिलानं तवा उतरवला.

"सवतीला मी माफ केलं होतं," ती म्हणाली. "नमाजनंतर तिच्यासाठीही दुआ मागायचे. मीच नजरेतून उतरले, अशी मनाची समजूत घातली. मी रोज जळत होते आणि तुम्ही बघत होतात."

"शरम वाटली गं."

"आजारच होता ना? मी सांभाळलं असतं. तेवढीही तुमची नव्हते मी?"

त्यानं तिचा हात धरला. तिनं तो हळूच सोडवून घेतला.

त्याच दुपारी ती उरणला भावाकडे निघाली. दाऊद पिशवी घेऊन स्टँडपर्यंत मागोमाग गेला. एसटीत चढताना ती म्हणाली, "सवत असती, तर मी राहिले असते."