मागच्या दाराने नाही

लॉन्ड्रीत नवी बाई कामाला आली की मुकादमीण तिला एकच गोष्ट विचारायची, "घडी घालता येते का?" येते म्हणाली तर बरं, नाही म्हणाली तर शिकवायची. नवरा कुठे असतो, घर का सोडलं, डोळ्याखाली काळंनिळं कशाने झालं, असल्या चौकशा करायच्या नाहीत हा तिथला कायदा. भट्टी सांभाळणाऱ्या बाईने एकदा एकीला सहज विचारलं, "माहेर कुठलं गं तुझं?" तर मुकादमीण तिच्यावर अशी खेकसली, की बिचारीने पुढे बरेच दिवस स्वतःच्या माहेराचंसुद्धा नाव काढलं नाही.

मालकाला कमी बोलणाऱ्या आणि जास्त राबणाऱ्या बायका हव्या असायच्या. मुकादमीण तशा आणून द्यायची. त्या कुठून येतात हे त्याने कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही. खरी गोष्ट अशी होती, की दुसऱ्या एका गावात बेकरी चालवणारी तिची मैत्रीण होती, तिसऱ्या गावात वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात चुलतबहीण. एकीकडे नवऱ्याला किंवा भावाला पत्ता लागला, की बाईला गुपचूप दुसरीकडे हलवायचं. लॉन्ड्रीत भट्टीच्या पलीकडे एक दार होतं, ते मागच्या बोळात उघडायचं. त्या दाराने तिने कितीतरी जणींना सुखरूप बाहेर काढलं होतं, आणि एकीचाही माग कुणाला लागू दिला नव्हता. याचा तिला भारी अभिमान. असायलाच हवा की! स्त्रियांच्या प्रश्नांवर हार घालून घेऊन भाषणं ठोकणाऱ्यांनी एकीला तरी रात्रीचा आसरा दिला असेल तर समोर यावं आणि सांगावं.

तर या लॉन्ड्रीत एक होती, तिला सगळ्या 'नवी' म्हणायच्या. तिला येऊन वर्ष उलटलं, तिच्या मागून आणखी बायका आल्या, पण हिचं नाव आपलं नवीच राहिलं. "म्हातारी झाले तरी मी नवीच राहणार," असं ती हसून म्हणायची. एरवी बोलायची कमीच, पण हात असा, की बघत राहावं.

लॉन्ड्रीचं निम्म्याहून जास्त काम हॉस्पिटलचं. तिथल्या चादरींना नि अभ्र्यांना वॉर्डाप्रमाणे रंगीत दोऱ्याची खूण घालावी लागते, म्हणजे बाळंतिणीची चादर तापाच्या रोग्याखाली जात नाही. खूण म्हणजे साधी फुली, कुणीही मारावी अशी. पण नवी फुली मारून झाल्यावर दोरा तोडायची नाही. फुलीच्या पोटाखालून एक वेढा घ्यायची आणि टोक आत दडवायची. कितीही भट्टीत घाला, टाका उसवायचं नाव नाही. मुकादमीण जाम खूश. बाकीच्यांच्या नाकासमोर अभ्रा नाचवून म्हणायची, "बघा जरा, याला म्हणतात काम!" एवढी डोळ्यांत तेल घालून राहणारी बाई, पण नवीचा टाका म्हणजे नवीची सहीच आहे, हे काही तिच्या लक्षात आलं नाही. आणि तिथेच घात झाला.

एका दुपारी, बायका डबे धूत असताना, फाटकाशी एक माणूस येऊन उभा राहिला. स्वच्छ शर्ट, केस चापूनचोपून बसवलेले, जिभेवर साखर. हातात हॉस्पिटलचा अभ्रा. मुकादमीण पुढे गेली.

"नमस्कार ताई. मी हॉस्पिटलात लिननच्या खोलीत नुकताच रुजू झालोय."

"आमच्या कामात काही कसूर झाली का?"

"छे छे! काम फारच सुरेख." त्याने अभ्रा उलटा करून कोपरा पुढे केला. "हा टाका माझ्या बायकोचा. माझ्या शर्टांच्या कॉलरला आतून असाच असतो. दाखवू?"

"अशा फुल्या कुणीही मारतं."

"फुली कुणीही मारतं. पोटाखालून वेढा कुणी घेत नाही." तो हसला. इतकं गोड हसला, की मुकादमिणीच्या अंगावर काटा आला. "तिला सांगा, मी रागावलेलो नाही. उद्या संध्याकाळी येतो, घरचं माणूस घरी घेऊन जातो. तुम्ही मध्ये पडू नका. हॉस्पिटलचं काम कुणाला द्यायचं, त्यात आमच्या खोलीचाही शब्द असतो, बरं का."

तो गेला. मुकादमीण तडक आत आली, फडताळातून एक रिकामी पिशवी काढली आणि नवीच्या पुढ्यात टाकली.

"कपडे भर. आज दिवस मावळायच्या आत बेकरीवर जायचंस तू. तिथे शिवण नाही, टाका नाही, पाव भाजायचे नि गप्प राहायचं. टेम्पोवाले काका सोडतील. मागच्या दाराने निघ."

नवीने फाटकातला आवाज ऐकला होता. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने हातातली सुई दोऱ्याच्या रिळात खोचली, पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी नाही जाणार."

"नाही जाणार म्हणजे?"

"म्हणजे नाही जाणार, मावशी. तुमचे उपकार मी जन्मात फेडू शकणार नाही. पण हे माझं तिसरं बोचकं आहे. पहिल्यांदा पळाले तेव्हा माझं शिवणाचं मशीन मागे राहिलं. दुसऱ्यांदा पळाले तेव्हा जिवाभावाची माणसं राहिली. दर वेळी मी गाव सोडते आणि तो इस्त्रीचा शर्ट घालून कामावर जातो! गुन्हा त्याचा आणि वनवास मला? का म्हणून?"

"पोलिसांत जाऊ या की," भट्टीवाली म्हणाली.

"गेले होते. त्यांनी आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं, चहा पाजला आणि म्हणाले, जरा एकमेकांना समजून घ्या. घरी गेल्यावर त्याने मला समजावलं."

मुकादमिणीने पिशवी उचलून पुन्हा नवीच्या हातात कोंबली.

"मग काय विचार आहे तुझा?" मुकादमीण चिडून म्हणाली. "इथेच बसून त्याची वाट बघणार?"

"वाट कशाला बघू? तो संध्याकाळी माझ्या दारात येणार आहे ना? सकाळी चादरींच्या गाडीवर मला पाठवा. मीच त्याच्या दारात जाते."

झालं! मुकादमिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "डोकं ठिकाणावर आहे का? इतकी वर्षं जीव मुठीत धरून मी ही जागा झाकून ठेवली, ती तू एका दिवसात चव्हाट्यावर मांडणार? तुझं सोड, या बाकीच्या पोरींनी कुठे तोंड लपवायचं?"

"चव्हाट्यावर मी त्याला मांडणार आहे," नवी म्हणाली. "आणि तोंड त्याने लपवावं. आम्ही काय चोरी केलीय?"

मुकादमीण बाकीच्यांकडे वळली, निदान या तरी हिला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतील म्हणून. पण सगळ्या जमिनीकडे बघत होत्या. शेवटी भट्टीवालीच बोलली, आणि ती तर मुकादमिणीची सगळ्यात जुनी सोबतीण.

"मावशी, ते दार माझ्या भट्टीच्या मागेच आहे. तिथून जाणारी प्रत्येक बाई मी पाठमोरीच पाहिलीय. एखादी तरी पुढच्या दाराने जाऊ दे की!"

मुकादमिणीने चादरींचे गठ्ठे उगाच इकडून तिकडे आपटले, टेम्पोवाल्या काकांना विनाकारण झापलं आणि घरी निघून गेली. तिला राग आला होता, हे तर खरंच. पण त्याहून जास्त ती घाबरली होती, आणि घाबरल्याचाच तिला जास्त राग येत होता. आपण बायकांना वाचवतो की नुसत्या लपवतो, हा विचार तिला आयुष्यात पहिल्यांदा शिवला, आणि तो काही केल्या जाईना.

सकाळी नवी बाहेर आली, तर टेम्पोत काकांच्या शेजारी मुकादमीण आधीच बसलेली.

"बघतेस काय? चढ. डबलची चादरसुद्धा एकटीला घडी घालता येत नाही, आणि निघाली मोठी एकटी लढायला!"

हॉस्पिटलात लिननच्या खिडकीसमोर सकाळी ही गर्दी असते. वॉर्डावॉर्डाच्या नर्स, आया, वॉर्डबॉय रांगेत उभे असतात आणि ज्याला त्याला घाई. खिडकीच्या आत तो होता. कुणाशी तरी विनोद करत होता, नर्स हसत होत्या. भला माणूस म्हणून इतक्यातच त्याचा जम बसला होता, असली माणसं त्यात फार पटाईत. नवीने गठ्ठा खिडकीच्या फळीवर धाडकन ठेवला.

"तापाच्या वॉर्डाच्या चादरी. घ्या."

त्याचं हसू जागच्या जागी थिजलं. मग इकडेतिकडे बघून तो पुढे वाकला आणि तिच्या डाव्या बाजूला तोंड नेऊन काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने बोला," नवी म्हणाली.

तो पुन्हा पुटपुटला.

"मोठ्याने! या कानाने मला ऐकू येत नाही."

नवीला डाव्या कानाने ऐकू येत नाही, हे मुकादमिणीला ठाऊक होतं. घडी घालताना सगळ्याच तिच्या उजवीकडून बोलायच्या. पण ते कशामुळे, हे कुणी कधी विचारलं नव्हतं, कायदाच होता ना तसा! या कायद्याने नवीला एक वर्ष मुकं ठेवलं, हे मुकादमिणीला तिथे रांगेत उभं असताना कळलं, आणि तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"अगं, हळू. लोक बघतायत. बाहेर बोलू आपण," तो म्हणाला.

"इथेच बोलू. आणि कान कशाने गेला तेही तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर लोक म्हणतील, बाई कांगावा करतेय."

तेवढ्यात मोठ्या सिस्टर बाहेर आल्या. साऱ्या हॉस्पिटलला त्यांचा धाक.

"काय गोंधळ चाललाय?"

"काही नाही सिस्टर," तो आवाजात तूप घालून म्हणाला, "माझी बायको आहे. जरा डोक्याने... तुम्ही समजून घ्या. घर सोडून आलीय. मी नेतो तिला."

"माझं डोकं शाबूत आहे, सिस्टर," नवी म्हणाली. तिचा आवाज चिरकला, डोळे भरून आले, पण ती तसूभर हलली नाही. "कान तेवढा गेलाय. तुमच्याकडे कानाचे डॉक्टर आहेत ना? मला आत्ता तपासू दे. हा जन्माचा आहे की उलट्या हाताचा, ते डॉक्टर सांगतील. मग कुणी कुणाला न्यायचं ते ठरवा."

मोठ्या सिस्टरांनी आपल्या नोकरीत असे कान काही कमी पाहिले नसणार. त्यांनी नवीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही खिडकीवरून उठा," त्या त्याला म्हणाल्या, "माझ्या ऑफिसात जाऊन थांबा." आणि नवीला म्हणाल्या, "तू चल माझ्याबरोबर. तपासून जे निघेल ते डॉक्टरांकडून लेखी घे. यापुढे तोंडी काही ठेवू नकोस."

तो उठला. जाता जाता मुकादमिणीपाशी थांबून दातओठ खात म्हणाला, "संध्याकाळी बघतो तुम्हाला."

आणि मग मुकादमिणीने जे केलं, ते तिलासुद्धा खरं वाटलं नसतं. इतकी वर्षं आपल्याकडच्या बायकांचा जो ठावठिकाणा तिने सख्ख्या बहिणीला सांगितला नव्हता, तो ती भर रांगेत, घसा फोडून ओरडली. "नदीच्या पुलाखालची लॉन्ड्री! हिरवं फाटक! ही माझ्याकडे कामाला आहे आणि राहील. हा गृहस्थ संध्याकाळी येतो म्हणतोय, आम्ही सगळ्या फाटकात उभ्या राहणार आहोत. कुणाला बघायला यायचं असेल त्यांनी खुशाल या!"

संध्याकाळी खरोखरच सगळ्या फाटकात उभ्या राहिल्या. भट्टीवाली तर भट्टी विझवून आली होती. मालक धावत आला, बोलायला तोंड उघडलं, समोरच्या बायका पाहिल्या आणि तोंड मिटून परत गेला. नवी सगळ्यांच्या पुढे होती. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद तिने ब्लाउजमध्ये ठेवला होता आणि ती मधूनमधून चाचपून बघत होती. भीती काही पळून गेली नव्हती. रस्त्यावर कुणाचीही चाहूल लागली की तिचा हात मुकादमिणीच्या दंडात रुतायचा.

तो आला, पण पुलापाशीच थबकला. त्याने फाटकातली गर्दी पाहिली, शेजारच्या दुकानांतून डोकावणारी माणसं पाहिली. थोडा वेळ मान ताठ ठेवून उभा राहिला, मग ज्या वाटेने आला त्याच वाटेने निघून गेला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तो उद्या पुन्हा येऊ शकतो, हे सगळ्यांना समजत होतं.

"येऊ दे," नवी म्हणाली. "मी इथेच आहे."

बायका आत वळणार, एवढ्यात पुलावरून कुणीतरी झपाझप येताना दिसलं. पांढरा गणवेश, कडक इस्त्री. सकाळी खिडकीशी त्याच्या विनोदावर हसणाऱ्यांतलीच एक नर्स होती ती. शिकलेली, चांगल्या पगाराची बाई. हातात सामान नव्हतं. फाटकाशी येऊन ती धापा टाकत उभी राहिली. मुकादमिणीच्या डोक्यात सवयीने हिशेब सुरू झाला, की बेकरी बरी की वसतिगृह.

"आत ये बाई," ती म्हणाली. "घाबरू नकोस. तुला लांबच्या गावी पोचवायची व्यवस्था करते मी."

"मला लांब नाही जायचं," नर्स म्हणाली. तिने डोळे पुसले आणि मान वर केली. "माझ्या नवऱ्याने मला बाहेर काढून कडी लावलीय. माझी मुलगी आत आहे. ते घर माझ्या पगारातून उभं राहिलंय. मला माझ्या घरात जायचंय. तुमच्यातलं कुणी माझ्याबरोबर येईल का?"

मुकादमिणीने नवीकडे पाहिलं, नवीने भट्टीवालीकडे. मग मुकादमिणीने काकांना हाक मारली, टेम्पोतल्या चादरी खाली उतरवायला सांगितल्या, आणि पदर खोचून सगळ्यांच्या आधी टेम्पोत चढली.