पापा एदाफेंना चॅलेंज

नायजेरियातल्या सापेलेची माणसं स्वतःवर भलतीच खूश असतात, आणि का नसावीत? गावाचं नावच इंग्रजी डिक्शनरीत आहे, लाकडाची एक जात म्हणून. स्क्रॅबलच्या पटावर खुशाल मांडा, गुण मिळतात. उगाच नाही इथं गल्लोगल्ली दुपारची जेवणं उरकली की सोंगट्यांची पिशवी खुळखुळायला लागत.

पण सगळ्या गावाचा तोरा एकीकडे आणि पापा एदाफे एकीकडे. बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झालेला हा म्हातारा. कुठलीही सात अक्षरं त्याच्यापुढे टाका, भाजलेले शेंगदाणे सोलता सोलता तो त्यातून शब्द काढणार. क्यू आला आणि यू नाही म्हणून बाकीचे कपाळाला हात लावतात, पापा मजेत फकीर मांडतात, तलाक मांडतात. कुणाला अर्थ माहीत असो नसो. आणि गावच्या स्क्रॅबल क्लबात कुणीही, अगदी कुणीही, पापांच्या शब्दाला चॅलेंज करत नसे. शब्द खोटा निघाला तर तो पटावरून उचलावा लागतो, पण खरा निघाला तर चॅलेंज करणाऱ्याचे पाच गुण जातात, आणि पापांचा शब्द खरा निघणार नाही असं होईल का? उगाच पाच गुण पाण्यात कोण घालवणार!

ओनोमे त्यांची लाडकी शिष्या. औषधाच्या दुकानात काम करायची, आणि गिऱ्हाईक नसलं की पुटपुटत बसायची. पापांनी तिला शब्द पाढ्यांसारखे शिकवले होते. अक्षरं वर्णमालेच्या क्रमानं म्हणायची आणि त्यापुढे त्यांतून होणारे सगळे शब्द. दोन्ही एका श्वासात. अमुक अक्षरं म्हटली की तमुक शब्द जिभेवर आलेच पाहिजेत. डोकं चालवायचं कामच नाही.

पोरगी हुशार, पण एक खोट होती. समोरच्यानं काहीही मांडलं तरी ती मान डोलवायची. आपल्याला जे पाठ आहे त्यापेक्षा समोरच्याच्या चेहऱ्यावरचा रुबाब तिला जास्त खरा वाटायचा. राज्याच्या संघाच्या निवडीत दोनदा तिनं याच पायी मार खाल्ला होता. बनावट शब्द मांडणं या खेळात गुन्हा नाही, पकडणं हे समोरच्याचं काम. तेच तिला जमत नव्हतं.

यंदा संघात एकच जागा उरली, आणि त्या जागेसाठी शेवटच्या डावात कोण समोरासमोर यावं? ओनोमे आणि पापा एदाफे.

डावाआधी तिनं रीतीप्रमाणे गुडघा टेकला. "मिगवो, पापा."

"व्रेंडो, पोरी. ऊठ. आता पाया पडून झालं, पटावर पडू नकोस."

"पापा, जरा सांभाळून घ्या हं तिला," ब्रुमे म्हणाला. ब्रुमे हा क्लबचा सेक्रेटरी, पंच आणि फुकटचा सल्लागार. "नाहीतर पोरगी रडायची."

"तू तुझं घड्याळ सांभाळ," पापा म्हणाले.

डाव काय रंगला म्हणता! ओनोमेनं मुसंडीच मारली. पिशवीत थोड्याच सोंगट्या उरल्या, आणि ती चांगली चाळीसएक गुणांनी पुढे होती. पटावर एकच मोकळी वाट होती. तेवढ्यात पापांनी शांतपणे सातच्या सात सोंगट्या त्या वाटेवर मांडल्या. हातातली सगळी अक्षरं एका खेळीत खपवली की पन्नास गुण वर मिळतात. खलास! बघणाऱ्यांच्या तोंडून हुंकार निघाला.

जी, ए, आर, डी, आय, एन, ई. गार्डीन.

ओनोमेच्या ओठांवर पाढा आपोआप आला. ए, डी, ई, जी, आय, एन, आर: रीडिंग, ग्रेन्ड, ग्रेडाइन, डिरेन... पाढा संपला. गार्डीन त्यात नव्हता.

तिनं पुन्हा म्हटला. पुन्हा नव्हता. आणि रीडिंग तर शेंबडं पोरही काढेल. तो त्याच जागी, तेवढ्याच गुणांना बसत होता. मग पापांनी हा कुठून काढला? मांजरानं वाघाला सगळं शिकवलं, झाडावर चढणं तेवढं राखून ठेवलं. पापांनीही एखादा शब्द राखून ठेवला असेल! आता चॅलेंज केलं आणि शब्द खरा निघाला, की पाच गुण गेले, आणि पिशवीतून काही चांगलं निघून बरोबरी होण्याची उरलीसुरली आशाही गेली. वर सगळ्या गावादेखत ज्यांनी शिकवलं त्यांना खोटं पाडायला निघाल्याचा बोभाटा.

पापा शेंगदाणे सोलत होते. चेहऱ्यावरची माशीही हलत नव्हती.

"चॅलेंज," ओनोमे म्हणाली. आवाज इतका बारीक आला की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "चॅलेंज!"

"अगं बाई!" ब्रुमेनं कपाळावर हात मारला. "कुणाला करतेयस, कळतंय का? पापांना?"

"घड्याळ थांबव," पापा म्हणाले.

शब्द तपासायचा तो कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर. दोघं उठून तिथवर गेली, आणि नेमकी लाईट गेली. आता कर्माला काय म्हणायचं! ब्रुमे धावत मागच्या अंगणात गेला आणि जनरेटरची दोरी ओढत बसला. दोरी ओढायचा, शिव्या द्यायचा, पुन्हा ओढायचा. मध्येच खिडकीतून डोकं आत घालून ओरडला, "ओनोमेबाई, अजून वेळ आहे! मागे घे! मी काही ऐकलं नाही म्हणेन!"

"मी ऐकलंय," पापा म्हणाले. "ओढ दोरी."

पापांनी ओनोमेपुढे मूठ उघडली. तिनं दोन शेंगदाणे घेतले, पण तोंडात टाकायचं धाडस होईना.

शेवटी जनरेटर खोकला, धडधडला, आणि पडदा उजळला. रीतीप्रमाणे पापांनीच शब्द टाइप केला आणि तिला म्हणाले, "दाब."

तिनं बटण दाबलं. पडदा लालभडक झाला.

लाल म्हणजे शब्द खोटा. आणि म्हातारा हसायला लागला. असा हसला की डोळ्यांतून पाणी आलं. "किती वर्षं वाट बघायला लावलीत रे गाढवांनो!"

"म्हणजे?" दारात उभा असलेला ब्रुमे घामानं निथळत होता. "पापा, तुम्ही याआधीही...?"

"दर डावात नाही. अधूनमधून."

"मागच्या नाताळात माझ्याशी तो झेडचा मांडला होतात, तो?"

"तो तर साफ खोटा."

"अहो, मी तो पुढं चार जणांना शिकवला!" ब्रुमे जवळजवळ रडकुंडीला आला, आणि सगळी खोली खदखदली.

शब्द उचलला गेला, पापांची खेळी वाया गेली. आता त्यांच्या हातातली सातही अक्षरं ओनोमेला ठाऊक होती. तिनं एक चिमुकला शब्द आडवा टाकून ती एकुलती मोकळी वाट बंद केली. पापांच्या हातात रीडिंग होतं, पण ठेवायला जागा नव्हती. पापांनी पटाकडे बघून मान हलवली, चांगल्या स्वयंपाकाला हलवतात तशी. उरलेला डाव सरळ गेला. जागा ओनोमेची झाली.

लोक तिच्या पाठीवर थापा मारत होते, आणि ती सोंगट्या पिशवीत भरत बसली होती. पापा शेजारी येऊन बसले.

"पापा, रीडिंग का नाही मांडलंत? तेव्हाच जिंकला असतात."

"जिंकलो असतोच. गार्डीन खपला असता तरी मीच जिंकलो असतो आणि मीच संघात गेलो असतो. गैरसमज नको, भीक नव्हती ती. जी मान डोलवते तिला तिथं पाठवून काय करू?"

ओनोमेनं पिशवीची दोरी आवळली. मग तिनं विचारलंच. "मला शिकवलेत त्या शब्दांतले किती खोटे आहेत?"

म्हाताऱ्याचं हसू मावळलं. त्यानं तिच्याकडे असं बघितलं की तिला विचारल्याची लाज वाटली.

"लोकांना फसवलं, पोरी. खेळात फसवायचंच असतं. पण तुला शिकवताना एकही खोटा नाही. मी मांडतो त्यावर विश्वास ठेवू नकोस. मी शिकवलं त्यावर ठेव."

ओनोमेनं पुन्हा गुडघा टेकला. या वेळी पापांनी तिला लगेच ऊठ म्हटलं नाही.